घरी व्हिडिओ लावून नाचणं: व्यायाम म्हणून किती उपयोगी?

पाऊलखुणा

नमस्कार. तपशिलाशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. रक्तदाब आणि साखर ठीक आहे, कुठलंही औषध चालू नाही. सहा आठवडे झाले, आठवड्यातून पाच दिवस सकाळी ३० मिनिटांचा डान्स वर्कआउटचा व्हिडिओ लावून करते आहे. टीपॉय सरकवला की हॉलमध्ये साधारण ६ बाय ७ फूट जागा मिळते. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, पायात काही नाही. फोन टीपॉयवरच पुस्तकांना टेकवून ठेवलेला असतो.

आता प्रश्न.

व्हिडिओच्या नावातच '३० मिनिटांत ५०० कॅलरी' असं लिहिलं आहे. घाम तर धो धो येतो. तरी काटा ७१.४ वरून ७१ वर आला, बस. मग हा खरा व्यायाम आहे का, की त्यापेक्षा खाली उतरून चालणं बरं?

गोल वळायच्या स्टेप्स झाल्या की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. संध्याकाळपर्यंत थांबतं. बूट घालावेत का? योगा मॅट अंथरली तर फरक पडेल का?

आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी धपधप आवाजाबद्दल दोनदा सांगितलं आहे. उड्या गाळल्या तर व्यायाम अर्धाच राहील का?

---

नाडीपरीक्षा

आधी त्या ५०० कॅलरींचा हिशोब करू, कारण तुमची निम्मी निराशा त्या आकड्यामुळे आहे.

हालचाल किती जोराची आहे ते 'मेट' या एककात मोजतात. स्वस्थ बसलेलं माणूस म्हणजे १ मेट. उड्या नसलेला एरोबिक डान्स साधारण ५ मेट, उड्यांसकट जोरात केलेला ७ च्या थोडा वर. मेट गुणिले वजन किलोत गुणिले तास, एवढं केलं की कॅलरी निघतात. तुमच्यासाठी अर्ध्या तासाचे ५ × ७१ × ०.५ म्हणजे साधारण १७८, आणि अगदी जोरात केलं तर २६० च्या आसपास. यातल्या ३५ तर सोफ्यावर बसूनही खर्च झाल्या असत्या, त्या वजा करायच्या. ७१ किलोच्या माणसाला अर्ध्या तासात ५०० गाठायचे असतील तर १४ मेट लागतात, आणि ती ताशी १६ किलोमीटरच्या आसपास सलग पळणाऱ्याची पातळी झाली. हॉलमध्ये ते होत नाही, कुणाचंच होत नाही.

नाच कमी पडतो असा याचा अर्थ काढू नका. २०१२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या प्रयोगशाळेनं झुंबा (लॅटिन गाण्यांवरचा नाच-व्यायाम) मोजला होता. १९ तरुणी, आणि सरासरी खर्च मिनिटाला ९.५ कॅलरी. तो चांगलाच जोराचा व्यायाम ठरला. पण त्या मुली कॉलेजच्या वयाच्या होत्या, स्टेप्स त्यांना आधीपासून येत होत्या आणि समोर शिकवणारी व्यक्ती होती. घरी फोनसमोर पहिल्या महिन्यात निम्मा वेळ 'आता कुठला पाय' यात जातो.

आता वजन. बसल्याच्या ३५ वजा जाऊन उरतात १४० ते २२५, त्यातले मधले म्हणून दर खेपेला निव्वळ १८० धरले तर आठवड्याला ९००, सहा आठवड्यांत ५४००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे खाणं तसंच ठेवून तुमचं अपेक्षित घटणं ०.७ किलो. मीठ, पाणी, पाळी यामुळे वजन रोज एक-दीड किलो इकडेतिकडे होतं, त्यात ०.७ दिसतच नाही. तुमचा व्यायाम वाया गेलेला नाही, मोजायचं साधन चुकलं आहे. (वजन उतरवणं हाच हेतू असेल तर ताटाकडे पाहावंच लागेल. एका वडापावात या अर्ध्या तासाची सगळी कमाई परत जाते.)

घामावरूनही काही ठरवू नका. पुण्यात मे महिन्यात आणि मुंबईत जवळजवळ वर्षभर भांडी घासतानाही घाम येतो. घाम हवेतल्या उष्णतेचं आणि दमटपणाचं माप आहे. पंखा बंद ठेवून किंवा प्लास्टिकचं जॅकेट घालून नाचू नका, फक्त पाणी जातं आणि चक्कर येते.

मग पाहायचं काय? दोन गोष्टी.

पहिली बोलण्याची चाचणी. मुख्य भाग चालू असताना एक पूर्ण वाक्य मोठ्यानं बोला: 'आज दूधवाला उशिरा आला म्हणून चहा राहिला.' वाक्य पूर्ण होतंय, पण त्याच वेळी गाणं म्हणणं जमत नाही, ही मध्यम पातळी. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, ही जोराची पातळी. गाणं आरामात म्हणता येत असेल तर तो फक्त वॉर्मअप चालू आहे.

दुसरी नाडी. तुमच्या वयाला कमाल ठोके २०८ वजा ०.७ गुणिले ४३, म्हणजे सुमारे १७८. मध्यम व्यायाम त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११४ ते १३५. गाणं संपल्या संपल्या जागेवर सावकाश पावलं टाकत राहा आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा. २९ ते ३४ आले तर मध्यम, ३५ च्या वर गेले तर जोराचा. मोजायला उशीर करू नका, तीस सेकंदांत ठोके बरेच उतरलेले असतात. हे सूत्र सरासरीचं आहे, दहा ठोके इकडेतिकडे सहज असतात, म्हणून नाडी आणि बोलणं यांचा मेळ बसत नसेल तर बोलण्यावर विश्वास ठेवा.

नाडी मोजणारं स्मार्ट घड्याळ वापरत असाल तर ते ठोके साधारण बरोबर दाखवतं, कॅलरी मात्र नाही. स्टॅनफर्डच्या २०१७ सालच्या तपासणीत सात घड्याळांपैकी सगळ्यात चांगलं घड्याळही कॅलरींच्या बाबतीत सरासरी २७ टक्के चुकलं होतं.

आता एक काम करा. तुमच्या व्हिडिओतली नमस्कार, पाणी प्या, सबस्क्राइब करा, शेवटचं स्ट्रेचिंग ही मिनिटं वजा करून पाहा. ३० मिनिटांच्या व्हिडिओत खरी मेहनत बहुतेक वेळा २० ते २२ मिनिटंच असते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आठवड्याला मध्यम पातळीची किमान १५० मिनिटं किंवा जोराची ७५ मिनिटं अशी आहे. पाच दिवसांचे २२ म्हणजे ११०. उरलेली ४० मिनिटं दोन संध्याकाळी २०-२० मिनिटं झपझप चालून भरून काढा. नाच की चालणं, असा निवाडा करायची गरजच नाही.

---

सांधेजोड

गुडघ्याबद्दल लिहिते. इथे घाई करून चालणार नाही.

वळायच्या स्टेपनंतर आतल्या बाजूला दुखणं याचं नेहमीचं कारण असं: पाऊल जमिनीवर रुतलेलं राहतं आणि अंग वळतं. मधला सांधा गुडघा, तो वाकण्या-सरळ होण्यासाठी बनलेला आहे, पिळण्यासाठी नाही. अनवाणी पावलाला घाम आला की ते टाइलला चिकटतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. म्हणून नियम एकच ठेवा, वजन असलेल्या पायावर वळायचं नाही. वळायच्या आधी टाच उचला, चवड्यावर फिरा, आणि पावलाचा अंगठा जिकडे तिकडेच गुडघा. त्याहून सोपं म्हणजे एका झटक्यात गोल फिरण्याऐवजी चार लहान पावलं टाकत फिरणं. तालही तेवढाच लागतो.

दुसरं कारण बायकांमध्ये फार दिसतं. बाजूला पाऊल टाकून खाली वाकताना गुडघा आत कोसळतो. आरशासमोर एका पायावर उभं राहून थोडं वाका आणि पाहा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का? अंगठ्याच्याही आत जात असेल तर कंबरेच्या बाजूचे, म्हणजे नितंबाचे स्नायू बहुधा कमकुवत आहेत. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा जोडलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडायचा. दोन्ही बाजूंना १५ चे दोन संच, आठवड्यातून तीन-चार दिवस. सहा आठवड्यांत फरक जाणवतो.

दुखण्याला मोजपट्टी लावा. शून्य ते दहात तीनपर्यंतचं दुखणं, जे चोवीस तासांत पूर्ण जातं, त्यात वळणाच्या स्टेप्स वगळून बाकीचं चालू ठेवायला हरकत नाही. तुमचं सध्या या गटात दिसतं. पण गुडघा सुजला, अडकला, जिना उतरताना निसटल्यासारखा वाटला किंवा रात्री दुखून जाग आली तर नाच बंद आणि अस्थितज्ज्ञांना दाखवा. आतल्या बाजूच्या गादीला इजा असू शकते, ती इथे लिहून कळत नाही.

बूट की अनवाणी? उड्या नसतील, टाच दुखत नसेल, फरशी कोरडी असेल तर अनवाणी चालतं. मोजे घालून कधीच नाही, टाइलवर घसरतात. उड्या असतील तर बूट हवेत, कारण काँक्रीटवर बसवलेली टाइल तसूभरही दबत नाही, सगळा धक्का नडगीला आणि टाचेला बसतो. पण धावायचे बूट नकोत. त्यांचा तळ पुढे जाण्यासाठी केलेला असतो, टाच उंच असते आणि खाचा जमिनीला धरून ठेवतात. बाजूला पाऊल टाकताना घोटा मुरगळतो आणि वळताना पुन्हा तोच पीळ. बॅडमिंटनसारख्या इनडोअर खेळाचे सपाट तळाचे बूट घ्या. त्यांनाही पकड असतेच, म्हणून टाच उचलून वळायची सवय सोडायची नाही.

योगा मॅट नको. चार-सहा मिलिमीटरची मॅट धक्का शोषत नाही, बाजूच्या पावलांना गोळा होते, कड दुमडते आणि पाय अडकतो. खेळघरात असतात तशा एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या १२ ते २० मिलिमीटर जाडीच्या फरश्या बऱ्या. त्यावर पाऊल थोडं रुततं, म्हणून तिथेही वळण चार पावलांचंच.

आणि फोन टीपॉयवर ठेवू नका. अर्धा तास मान खाली घालून नाचलं की मानेचं आणि पाठीचं दुखणं सुरू होतं. खाली पाहत वळताना तोलही जातो. डोळ्यांच्या उंचीवर, सहा ते आठ फुटांवर पडदा हवा. टीव्हीवर लावता आलं तर उत्तम, नाहीतर फोन कपाटाच्या खणात ठेवा.

उड्यांबाबत एक गोष्ट बायका बोलत नाहीत म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीत उडी मारताना लघवीचे थेंब गळतात. हे फार जणींना होतं आणि बहुतेक वेळा सुधारतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढून धरायचे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सुरुवातीला तीन सेकंद धरता आलं तरी पुरे, मग वाढवत दहापर्यंत न्या. तोपर्यंत उड्या बंद, नाच चालू. पॅड लावून रेटत राहणं हा उपाय नाही.

---

आठ_मात्रा

उड्यांचा प्रश्न घेतो, कारण तिथे गैरसमज फार आहेत.

उडी हे मेहनत वाढवायचं शेवटचं साधन आहे. त्याआधी चार आहेत. पाऊल मोठं करा. गुडघा कंबरेइतका वर न्या. थोडं अधिक वाकून करा. आणि जागेवर करायचं ते दोन पावलं पुढे-मागे सरकत करा. ६ बाय ७ फुटांत एवढं सरकणं जमतं. हे चारही नीट केलं तर नाडी उड्यांशिवाय १३५ च्या वर जाते. व्हिडिओत जम्पिंग जॅक आला की एकदा उजवा, एकदा डावा पाय बाजूला टेकवा आणि हात तसेच वर. जागेवर पळायचं आलं तर गुडघे उचलून जोरात मार्च. स्क्वॉट जम्पच्या जागी स्क्वॉट आणि वर येताना टाचा उचलणं. आवाज नाही, धक्का नाही.

तरी खाली धपधप जाते ती बहुधा उड्यांची नसतेच, टाचेची असते. मार्च करताना आधी चवडा, मग टाच टेकवायची, गुडघा किंचित सैल. व्हिडिओचा आवाज बंद करून स्वतःच्या पावलांचा आवाज ऐका. पाऊल ऐकू येत असेल तर गुडघ्यालाही तो धक्का बसतो आहे. काकांचं म्हणणं ऐकलंत तर तुमचाच फायदा आहे!

हातांबद्दल सावध राहा. हात डोक्याच्या वर नाचवले की ठोके भराभर वाढतात, पण प्राणवायूचा वापर त्या मानानं वाढत नाही. पाय आळशी आणि हात जोरात असा व्हिडिओ घड्याळावर फार भारी दिसतो. मेहनत पायातून यायला हवी, कारण मोठे स्नायू तिथे आहेत.

आता व्हिडिओ निवडणं. लोक गाणं बघून निवडतात. खरं तर या गोष्टी पाहायच्या:

शिकवणारा पुढची स्टेप बदलण्याआधी दोन-चार मात्रा सांगतो का? बदलल्यावर सांगितलं तर तुम्ही कायम मागेच राहणार. पावलं पूर्ण दिसतात का? कंबरेच्या वरचं चित्रण आणि सतत बदलणारा कॅमेरा व्यायामासाठी निरुपयोगी. चित्र आरशासारखं आहे का, म्हणजे तो 'उजवा' म्हणतो तेव्हा त्याचं पाऊल तुमच्या उजवीकडे जातं का? वॉर्मअप सहा ते आठ मिनिटांचा आहे का, की थेट उडीनं सुरुवात? मागे कुणी तीच स्टेप सोपी करून दाखवतंय का? यातलं एकही नसेल तर गाणं कितीही आवडीचं असो, तो व्हिडिओ पाहण्यापुरता ठेवा.

लय पण तपासा. नवख्यानं मिनिटाला १२५ ते १३५ ठोक्यांच्या गाण्यांवर राहावं. गणपतीच्या मिरवणुकीतली रिमिक्स गाणी याच्या बरीच पुढे जातात. अशा गाण्यावर प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकायला गेलात तर पावलं तोकडी पडतात आणि गुडघे कधीच पूर्ण उचलले जात नाहीत. तिथे एक सोडून एक ठोका धरा.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. बहुतेक व्हिडिओ सात-आठ मूळ पावलांवरच उभे असतात: मार्च, स्टेप टच (एक पाऊल बाजूला, दुसरं त्याला जोडायचं), ग्रेपवाइन (बाजूला जाताना एक पाय दुसऱ्याच्या मागून), व्ही-स्टेप (पावलं पुढे फाकवून परत जोडायची), मॅम्बो (एकच पाय पुढे-मागे), टाच मागे उचलणं, गुडघा वर, बाजूला टॅप. गाणी चारदा आठ, म्हणजे ३२ मात्रांच्या तुकड्यांत चालतात आणि स्टेप तिथेच बदलते. आठ मोजायची सवय लागली की बदल आधीच कळतो. पहिले तीन दिवस हात कंबरेवर, फक्त पाय. मग हात. न जमणारा तुकडा ०.७५ वेगानं पाच-सहा वेळा करा, पण तो अभ्यास समजा, व्यायामाच्या मिनिटांत धरू नका. आणि अडखळलात तर उभं राहू नका, मार्च चालू ठेवा. थांबलं की नाडी खाली येते. घरच्या नाचात सगळ्यात जास्त मेहनत या थांबण्यात गळते.

एक व्हिडिओ तीन ते चार आठवडे करा. रोज नवा लावला तर स्टेप्स कधीच अंगात बसत नाहीत आणि अंगात बसल्याशिवाय जोर येत नाही. पण चार आठवड्यांनंतर तेच अंग कमी कष्टात तीच स्टेप करायला शिकतं. नाडी पुन्हा मोजा. पूर्वी १५ सेकंदांत ३३ यायचे आणि आता २८ येत असतील तर वर दिलेल्या चारांपैकी एक गोष्ट वाढवा, नाहीतर व्हिडिओ बदला. तुमचे सहा आठवडे झाले आहेत, तेव्हा ही वेळ बहुधा आलीच आहे.

---

घुंगूरकाठी

वरच्या सगळ्यांना अनुमोदन. एक भर घालतो. झुंबाच हवा असं काही नाही, लेझीमही याच मापात बसतं. शाळेत शिकलेले लेझीमचे हात बहुतेकांच्या अंगात अजून असतात, त्यामुळे शिकण्याचा महिना वाचतो. आठ मात्रांचीच रचना, शिवाय पुढे वाकणं, अर्धं बसणं, पाय पुढे टाकून परत येणं, म्हणजे मांड्यांना नाचाच्या व्हिडिओपेक्षा जास्त काम. फ्लॅटमध्ये लोखंडी साखळीचा आवाज चालणार नाही, म्हणून लाटणं किंवा दीड फुटाची काठी दोन्ही हातांत धरून तेच हात करा. वाकताना कंबर गोल करायची नाही, गुडघे सैल ठेवून खुब्यातून वाकायचं. चार गाणी सलग केली तर दम चांगलाच लागतो.

गरब्याच्या व्हिडिओत एक सांभाळा. फेऱ्या एकाच दिशेनं असतात, त्यामुळे एकच पाय सतत बाहेरच्या बाजूला राहतो. घरी दर गाण्याला दिशा उलटी करा. आणि लावणीचे पाय आपटायचे ठेके टाइलवर अनवाणी अजिबात नको, टाचेची वाट लागते.

---

पाऊलखुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून पाहिलं: ३० पैकी खरी मेहनत २१ मिनिटं. गाणं संपल्यावर १५ सेकंदांत २७ ठोके, आणि गाणं म्हणता येत होतं!

दोन शंका उरल्या. काटा नाही तर प्रगती कशानं मोजू? आणि नाचात सगळ्या शरीराचा व्यायाम होतो ना, की वजनं वेगळी उचलावी लागतात? सासूबाईंनाही करायचं आहे. वय ६७, रक्तदाबाची मेटोप्रोलॉल आणि साखरेची ग्लिमेपिराइड चालू आहे.

---

नाडीपरीक्षा

२७ म्हणजे १०८, तुमच्या मध्यम पातळीच्या खाली. आठ_मात्रा यांनी सांगितलेलं आधी पाऊल मोठं करणं आणि गुडघा वर नेणं एवढंच आठवडाभर करा, ३० च्या वर जाईल.

प्रगतीसाठी तीन मापं. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण मिनिटभर नाडी. आठवड्यातून तीन दिवसांची सरासरी लिहा. दोन-तीन महिन्यांत ती काही ठोक्यांनी उतरते.

दुसरं, पायरीची चाचणी. बिल्डिंगच्या जिन्याची एकच पायरी, मेट्रोनोमचं (ठराविक लयीत टिकटिक करणारं) ॲप मिनिटाला ९६ ठोक्यांवर. वर, वर, खाली, खाली, असं चार ठोक्यांत एक फेरी, मिनिटाला २४ फेऱ्या, सलग तीन मिनिटं. मग लगेच बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पायरी दरवेळी तीच हवी, आणि तुलना फक्त तुमच्याच मागच्या आकड्याशी करायची. महिन्यातून एकदा पुरे. आज करून ठेवा.

तिसरं, कंबर. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. काटा हलला नाही तरी इथे फरक दिसू शकतो.

सासूबाईंच्या बाबतीत नाडी मोजण्यात अर्थ नाही. मेटोप्रोलॉल ठोके फारसे वाढू देत नाही. नाडी ९५ दिसते म्हणून जोर वाढवला तर त्या फार थकतील. त्यांच्यासाठी फक्त बोलण्याची चाचणी. ग्लिमेपिराइडमुळे साखर एकदम उतरू शकते, म्हणून उपाशीपोटी नाच नको. सुरुवातीचे काही दिवस ग्लुकोमीटरवर आधी तपासा, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच सुरू करायचं. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा. हात थरथरणं, एकदम दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून लगेच ते द्यायचं. छातीवर दाब आला किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे जायला लागलं तर त्याच क्षणी दवाखाना. आणि सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, औषधाची वेळ बदलायची का तेही कळेल.

---

सांधेजोड

सासूबाईंनी पायात बूट घालूनच करावं. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग टाइलवरचा खडा टोचलेला कळत नाही. शेजारी जड, न सरकणारी खुर्ची ठेवा, तिच्या पाठीला हात धरता येईल अशी. गोल वळणं नाहीतच. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत जा.

ताकदीबद्दल: नाचानं दम आणि पायांचा टिकाऊपणा वाढतो. स्नायू बळकट व्हायला जे ओझं लागतं ते त्यात नाही, आणि ओढण्याचं काम तर अजिबातच नाही, म्हणून पाठ आणि दंड कोरडे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशीत स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस वेगळा सांगितला आहे. नाचाच्या दोन दिवशी शेवटी १५ मिनिटं द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० चे तीन संच. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून पुशअप, ८ ते १०, तीनदा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, १२ चे दोन. पिशवीत ५ किलो तांदूळ भरून, एक हात खुर्चीवर टेकवून, दुसऱ्या हातानं पिशवी कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढणं, दोन्ही बाजूंना १० चे दोन. शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत, नाहीतर ओझं वाढवा. खुर्चीवरून उठताना गुडघा आत येतोय का ते इथेही बघा.

---

पाऊलखुणा

शेवटचं विचारते. नाच आधी आणि ताकदीचं नंतर, की उलट?

---

आठ_मात्रा

वॉर्मअप, मग नाच, मग तांदळाची पिशवी. उलट केलंत तर मांड्या थकलेल्या असताना वळणं येतात आणि गुडघा आत कोसळतो, तुमच्या बाबतीत तर नकोच. ज्या दिवशी ताकदीचं असेल त्या दिवशी नाचातलं शेवटचं गाणं गाळा, सोमवारी आणि गुरुवारी ठेवा, म्हणजे मध्ये दोन दिवस मिळतात.